जिंकलेला गेम परत कशाला

आई,

माझ्या मोबाईलमधला गेम तू उडवलास, ते सकाळी कळलं. "एकदा जिंकलेला गेम परत कशाला खेळायचा," म्हणतेस. अगं, दर खेपेला मी दुसऱ्या वाटेनं जाते, काहीतरी नवं सापडतं. हरले तर कुठं चुकले ते कळतं. म्हणून परत खेळावंसं वाटतं.

लातूरच्या ह्या खोलीत तुझ्यासंगं राहून दोन वर्षं डॉक्टरकीच्या परीक्षेची तीच पुस्तकं वाचत बसले, त्यात काय नवं सापडलं? तरी तू अन् पप्पांनी मला न विचारता परत रिपीटरच्या बॅचला नाव घातलं. मी बसणार न्हाई. नांदेडला बीएस्सीच्या ॲडमिशनला चालले. पप्पांना मीच सांगते, तू फोन करू नको.

कुकरमध्ये भात हाय. तुझ्यापुरताच लावलाय.

सुकन्या