सत्तेचाळीस सेकंद

सुगिनामी, तोक्यो
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय हासेबे-सान यांस,
उराबे काझुएचा नमस्कार. इथला उकाडा आत्ता कुठे ओसरला. तुमच्या तोयामात डोंगराकडून गार वारं सुटलं असेल. तुमची आणि सुमिए वहिनींची प्रकृती चांगली असावी.

पाकिटावर माझं नाव वाचूनही तुम्ही ते उघडलंत, याबद्दल आधी आभार मानते. पत्ता ओनुमाबाईंनी दिला, आपल्या रंगखात्यातल्या. त्या म्हणाल्या, तुम्ही मेहुण्यांच्या कामाबोकोच्या, म्हणजे माशाच्या लगद्याच्या पदार्थांच्या, कारखान्यात असता आणि लग्नात वाटायच्या मोठाल्या लाल माशांवर रंगीत लगद्याने खवले नि डोळे काढता. "डोळा असा काढतात, की पाहुण्यांना सुरी लावावीशी वाटत नाही," हे त्यांचे शब्द.

माझं म्हणाल तर मी अजून याच ॲनिमेशनच्या धंद्यात आहे. तेव्हा गाडी घेऊन चित्रकारांच्या दारोदार चित्रांची पाकिटं गोळा करत फिरणारी तेवीस वर्षांची पोरगी होते. आता निर्माती म्हणवते. गुडघे बोलायला लागलेत. लग्न केलं नाही. आई गेल्या वर्षी गेली.

लिहायचं कारण असं, की येत्या मार्चमध्ये 'भरतीचं गाव' संपून तीस वर्षं होतील. प्रदर्शन भरणार आहे, जाड पुस्तकही निघतंय. त्यासाठी परवा बैठक झाली. एनोमोतो नावाचा तरुण प्राध्यापक आला होता. मालिका संपली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. अगदी सौम्यपणे म्हणाला, "रागावू नका, पण सव्वीसातले वीस भाग ठीकठाकच आहेत. तीच बोट, तोच धक्का, तीच चित्रं फिरवून फिरवून वापरलेली. शेवटचे सत्तेचाळीस सेकंद काढून टाका, मग कोण लक्षात ठेवेल हिला?"

पुस्तकाच्या संपादिका कुराताबाई चिडल्या. "म्हणजे तुमच्या मते हिचं नाव झालंय ते खोटं?"

"खोटं नाही. सत्तेचाळीस सेकंदांएवढं खरं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुराताबाई म्हणाल्या, "उराबे-सान, तुम्ही तेव्हा होतात. ही मालिका एवढ्या मोठेपणाला लायक आहे का, याचं उत्तर तुम्हीच लिहा."

ते सेकंद तुम्ही टीव्हीवर पाहिलेत की नाही, मला माहीत नाही. आजोबांची बोट शेवटच्या फेरीला निघते. नऊ वर्षांची शिहो धक्क्यावर पाठमोरी उभी आहे. चित्र हलत नाही. फक्त वारा ऐकू येतो. ती धावत का नाही, यावर लोकांनी प्रबंध लिहिलेत. ती त्या क्षणी मोठी झाली म्हणे. त्या जागी खरं म्हणजे काय असायचं होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या मार्चमध्ये जे घडलं, ते सगळ्यांच्याच दृष्टीने दुर्दैवी होतं. तिसरा, अकरावा आणि एकोणिसावा भाग तुम्हीच उभे केले होते. एनोमोतोचे ते उरलेले सहा भाग मोजायला बसलात, तर त्यात हे तीन असणारच. तरी समारंभाला तुम्ही यावंत, अशी माझी इच्छा आहे. आणि जमलं तर कळवा: तुमच्या मते ही मालिका एवढी मोठी आहे का? मी चार वेळा लिहायला बसले. एक पान होत नाही.

वहिनींना नमस्कार सांगावा.

आपली,
उराबे काझुए


तोयामा
१९ ऑक्टोबर

उराबे-सान,
पत्र पोचलं. हात थरथरतो म्हणून अक्षर असं आहे. माशांवर चालतो तेवढा बरा चालतो, कागदावर नाही.

सुमिए आठ वर्षांपूर्वी वारली. कळवायचं राहिलं. खरं म्हणजे कुणालाच कळवलं नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तो शेवट मी पाहिलाय, बऱ्याचदा. पहिली चार-पाच वर्षं नाही पाहिला. मग एकदा कारखान्यातल्या टीव्हीवर लागला, तेव्हा हातातलं काम ठेवून उभा राहिलो. चांगला आहे. मी काढलं असतं त्यापेक्षा चांगला. मी शिहोला धाववलं असतं, आणि धावणारी मुलगी काय, कोणीही काढतो. तेव्हा तुमच्या त्या प्राध्यापकाला सांगा, मोठी आहे मालिका.

आणखी एक, जे मला फार पूर्वीच लिहायला हवं होतं. त्या वेळी मी सगळीकडे सांगत सुटलो, की शेवटच्या दृश्याच्या चित्रांचं पाकीट मी तुमच्या हातात दिलं. तुमच्यासारख्या नव्या मुलीला मी सगळ्या स्टुडिओसमोर खोटं पाडत होतो. तेव्हा मी किती पीत होतो, ते तुम्ही पाहिलंय. दिवस दिवस आठवत नसत. पुढे विचार करकरून माझ्या ध्यानात आलं, की मी ते काम पुरं केल्याचं बहुतेक मला नुसतं वाटत असावं. माणूस पुरं न केलेलं कामही आठवू शकतो. त्या एप्रिलपासून दारूला शिवलो नाही. तेवढं एक त्यातून बरं झालं.

सुमिए मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "मी डोळ्यांनी पाहिलं, त्या मुलीने पाकीट घेतलं. मीच तिला भाताचा गोळा बांधून दिला." मी तिला म्हणायचो, तू बायको आहेस, तू माझ्याच बाजूने बोलणार. एकदा तर फार ओरडलो तिच्यावर. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

तुम्हाला त्रास झाला. मनापासून क्षमा मागतो. समारंभाला येणार नाही. कोणत्या तोंडाने येऊ?

हासेबे तेत्सुओ


सुगिनामी, तोक्यो
२ नोव्हेंबर

हासेबे-सान,
तुमचं पत्र मी दारातच उभ्याने वाचलं. बूट काढायचे राहिले, खांद्यावरची पिशवी तशीच. मग किती वेळ उभी होते कोण जाणे. त्याला आता दहा दिवस झाले. हवापाण्याचं काही लिहीत नाही.

पाकीट तुम्ही मला दिलं होतं.

चौदा मार्चची सकाळ, आठ वाजून गेले होते. बारीक पाऊस होता. तुम्ही दारात आलात, दाढी वाढलेली, पण प्यालेले नव्हता. मला आठवतंय, कारण तुम्ही पाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि लगेच सोडलं नाहीत. "तीनशे बारा चित्रं आहेत. मुख्य चित्रांच्या मधली जोडचित्रंसुद्धा मीच काढलीत, दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणावं," असं म्हणालात. मी म्हटलं, "देते सांगून." वहिनी मागून आल्या. "पोरी, तोंड बघ कसं झालंय. गाडीत खाऊन घे," म्हणून त्यांनी चांदीच्या कागदात बांधलेला भाताचा गोळा दिला. गरम होता.

दोन दिवस मी झोपले नव्हते. गाडीचं दार उघडायला हात मोकळा हवा, म्हणून पाकीट टपावर ठेवलं. भाताचा गोळा मात्र नीट शेजारच्या सीटवर ठेवला. आणि गाडी चालू केली.

झेनपुकुजी नदीच्या पुलापाशी मागच्याने भोंगा वाजवला, तेव्हा आरशात पाहिलं. रस्ताभर कागद. मी धावले. दोन ट्रक त्यांच्यावरून गेले. बरेच कठड्याखालून पाण्यात पडले. एकसष्ट हाती लागले, चिखलात लडबडलेले, पेन्सिल पुसलेली. ते सीटखाली सारले आणि स्टुडिओत गेले. तोपर्यंत, देवाशपथ, खरं सांगायचंच माझ्या मनात होतं.

कामाचं वेळापत्रक सांभाळणारे काजितानी-सान टेबलाशी होते. मी आत पाऊल टाकायच्या आधीच ते ओरडले, "हासेबेने पुन्हा दगा दिला ना? रिकाम्या हातानेच आलीस."

मी नुसती गप्प राहिले. पहिलं खोटं एवढंच होतं.

"बोल की. होता घरी?"

"होते."

"मग? दिलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

पुढचं सगळं तुम्ही सोसलंय. तिसऱ्या दिवशी तुम्ही कच्ची चित्रं घेऊन आलात. काजितानी-सान म्हणाले, "कच्ची सगळेच दाखवतात." मी फोटोकॉपीच्या यंत्रामागे उभी होते. तुम्ही मला पाहिलंत आणि म्हणालात, "उराबे-चान, तू सांग ना यांना." आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, "मला काही आठवत नाही." प्रसारणाला तीन दिवस उरले होते. तोकुनागा-सानांनी दिग्दर्शक म्हणून ठरवलं, की शिहोला एका चित्रात उभी करू आणि वाऱ्याचा आवाज घालू. नावांच्या यादीतून तुमचं नाव गेलं.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी म्हणाले असते की पोर होते, घाबरले. थांबलं नाही. २००४ मध्ये तुम्ही एका स्टुडिओत काम मागायला आला होतात. तिथे मी कामाचं वाटप बघत होते. तुमचा अर्ज माझ्यापर्यंत आला. कुणीतरी विचारलं, "हे गृहस्थ कसे आहेत?" मी म्हटलं, "हात सोन्याचा आहे, पण वेळ पाळत नाहीत." हे मी चहा पीत पीत, शांतपणे म्हटलं. तुम्ही त्या इमारतीत रोज समोर आला असतात, तर मला जगता आलं नसतं. म्हणून तुमची भाकरी काढून घेतली. पुलावरची चूक एका सकाळची होती. ही मी पूर्ण शुद्धीवर केली.

तुम्ही लिहिलंत की माणूस पुरं न केलेलं कामही आठवू शकतो. ते वाक्य मी पुन्हा वाचू शकले नाही. काम तुम्ही पुरं केलं होतं, हासेबे-सान. तुमच्या डोक्यात काही बिघडलं नव्हतं. ते मी बिघडवलं.

गेल्या मंगळवारी तोकुनागा-सानांकडे गेले. एक्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून मला हे सगळं मोठ्याने सांगावं लागलं. त्यांची सून स्वयंपाकघरात भांडी घासायची थांबली.  तोकुनागा-सान म्हणाले, "त्या एप्रिलात तो माझ्या घरी आला होता. मी त्याला चप्पल काढायलासुद्धा सांगितलं नाही, दारातूनच परत पाठवला." थोड्या वेळाने, "त्या शांततेबद्दल मी किती मुलाखती दिल्या, काझुए. जपानी मनातलं मौन आणि काय काय." मी विचारलं, आता काय करू. म्हणाले, "आधी त्याला सांग. मग मी काय बोलायचं, ते तो ठरवेल."

पुस्तकात तुमचं नाव आणि ही हकीकत दोन्ही छापावीत, असं मी कंपनीला लेखी दिलंय. समारंभाच्या कामातून बाजूला झालेय. ते छापतील की नाही, माहीत नाही. नाही छापलं, तर समारंभात माइक हातात न घेताही बोलता येतं. पण तुम्ही 'नको' म्हणालात, तर ते लेखी दिलेलंही मागे घेईन आणि बोलणार नाही. यापुढे तुमच्या बाबतीत मी परस्पर काही ठरवणार नाही.

एकसष्ट कागदांपैकी बावन्न मी जुन्या पुठ्ठ्यांत बांधून रद्दीच्या दिवशी बाहेर ठेवले. नऊ ठेवले. का ठेवले, सांगता येत नाही. ते सोबत पाठवतेय. ते एकामागोमाग एक आहेत. शिहो पडते, आणि उठायच्या आधी, गुडघ्याकडे न बघता, मान वर करून बोट अजून दिसते का बघते. तीस वर्षं ते कागद मी अंगठ्याने सरसर पालटून पाहिले आहेत. धावणारी मुलगी कोणीही काढतो, असं तुम्ही लिहिलंत. ही कोणीही काढत नाही.

मालिका मोठी आहे का, याचं उत्तर मी एनोमोतोला पाठवलेलं नाही. तुम्हाला सांगते. उभी राहिलेली शिहो चांगली आहे, आणि तेच माझं दुर्दैव. ती वाईट दिसली असती, लोकांनी शिव्या दिल्या असत्या, तर दुसऱ्या आठवड्यात माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं असतं. पण लोक रडले. बक्षिसं मिळाली. माझ्या पापाला त्यांनी कला म्हटलं, आणि मी ते म्हणू दिलं. या मालिकेचे दोन शेवट होते. दुसरा कसा होता, हे तुमच्याखेरीज मला एकटीला थोडंसं माहीत आहे, आणि नऊ कागदांवरून निवाडा होत नाही. तो करायची संधी मी सगळ्यांकडून काढून घेतली. म्हणून या प्रश्नावर बोलायला मी लायक नाही.

क्षमा मागत नाही. मागितली, तर तुम्ही ती देऊन टाकाल, अशा स्वभावाचे आहात. तुम्ही माझी मागितलेली क्षमा तेवढी मागे घ्या. ती माझ्या घरात ठेवायला जागा नाही.

एक विनंती करते, तीही तुम्हाला जमली तरच. वहिनींच्या फोटोसमोर बसाल, तेव्हा त्यांना सांगा, की त्या बायको म्हणून बोलत नव्हत्या. त्यांनी जे पाहिलं, तेच सांगत होत्या. त्या दिवशी त्यांनी दिलेला भात मी दुपारी खाल्ला होता, स्टुडिओच्या जिन्यात, भूक लागली म्हणून.

जिच्या हातात तुम्ही ते पाकीट दिलंत ती,
उराबे काझुए