निळ्या पडद्यावरची आत्या

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (तो मनातल्या मनात घातला आहे, प्रत्यक्ष घालायला कमरेने परवानगी दिली नाही.) तुझ्या गुडघ्याचं आणि जिन्याचं पुन्हा जमलं का? डोळ्यांत थेंब घालतेस, की नुसती बाटली उशाशी ठेवून बरं वाटायची वाट बघतेस? इकडे सर्व क्षेम. हिची पाठ आणि माझं डोकं आळीपाळीने दुखतं, त्यामुळे घरात कोणीतरी एक कायम धडधाकट असतो.

तुझं पत्र पोचलं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलीस, साऱ्या गावाला तुझा आवाज पाठ, पण तुझा चेहरा कोणी पाहिलेला नाही, आणि आता पहिल्यांदाच टीव्हीवर तो दिसणार, तर तो कसा दिसला ते मला खरंखरं कळव, असं तू लिहिलंस. मुलाखत घेणारी मुलगी मध्येच हसली, ते आपल्यालाच हसली असं तुझ्या मनाने घेतलं आहे. म्हणून माझं पत्र येईपर्यंत तू कोणाकडे जाणार नाहीस, खिडकीतसुद्धा उभी राहणार नाहीस. तुझ्याकडे टीव्ही नाही आणि शेजाऱ्यांकडे जाऊन स्वतःचं हसं बघायची तुझी तयारी नाही, तेव्हा भिस्त आमच्या डोळ्यांवर. आत्या, डोळे आमचे शाबूत होते. डोळ्यांपुढे काही यायला हवं होतं, इतकंच.

झालं असं, की आमचा टीव्ही आता आमचा राहिलेला नाही. आपले जावईबापू गेल्या महिन्यात आले, टीव्हीकडे त्यांनी एखाद्या लांबच्या गरीब नातेवाइकाकडे बघावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, घरात कॉम्प्युटर असताना हा खोका कशाला? आत एक कार्ड बसवलं की कॉम्प्युटरचाच टीव्ही होतो." या कार्डाला ट्यूनर कार्ड म्हणतात. हिरव्या पाटीवर मुंग्यांनी वसाहत केल्यासारखं दिसतं. मी टीव्ही जुन्या सामानवाल्याला देऊन टाकला. (तो नेताना त्याने एकदा लावून बघितला. चित्र इतकं सुरेख आलं की मला घरातलं कोणी परगावी निघाल्यासारखं वाटलं.) आणि रविवारी दुपारी, तुझ्या कार्यक्रमाच्या आधी, जावईबापू लेकीला आणि कार्डाला घेऊन हजर झाले.

कॉम्प्युटरचं पोट उघडण्यात आलं. कार्ड बसलं, गच्चीवरून आलेली अँटेनाची वायर त्याच्या मागे खोचली, तबकडी घालून काहीतरी चढवलं, आणि पडद्यावर एक चौकोन उघडला. निळा. नुसता निळा, काठोकाठ निळा. लेक म्हणाली, "छान रंग आहे." जावईबापूंनी तिच्याकडे पाहिलं आणि चॅनेल शोधायला लावले. यंत्राने इमानाने शोधले, त्यांचे नुसते आकडे मांडले, नावं नाहीत. आणि प्रत्येक आकडा दाबला की तोच निळा. मी दुकानदाराला फोन केला.

"वायर काढून परत लावा," तो म्हणाला.

"लावली."

"मशीन बंद करून चालू करा."

"केलं."

"काय दिसतंय?"

"निळं."

"निळं म्हणजे चांगलं हो काका! काळं दिसलं असतं तर कार्ड गेलं म्हणायचं." आणि माझं अभिनंदन केल्यासारखं करून त्याने फोन ठेवला.

जावईबापू टेबलाखाली शिरले. पुढचा बराच वेळ आम्हाला जावयाचे फक्त पाय दिसत होते, आणि सासरेपणाच्या रीतीला धरून मी त्या पायांशीच आदराने बोलत होतो. पाय म्हणाले, "सिग्नल येतोय बाबा, चित्राला वाट मिळत नाहीये." पडद्यावर उजेड पडतोय म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. चौकोन छोटा करून पाहिला, मोठा करून पाहिला. मोठा निळा हा लहान निळ्यापेक्षा जास्त निळा असतो, एवढं ज्ञान पदरात पडलं. तुझी वेळ उलटून चालली होती. इतक्यात जावईबापूंनी आणखी एक बारकी वायर कुठेतरी खोचली आणि आकडे पुढे सरकवताना एकदम स्पीकरमधून एका बाईंचा आवाज आला. शांत, थोडा घोगरा, विहिरीच्या तळाशी बसून कोणी बोलावं तसा.

"हेच ते!" जावईबापू टेबलाखालून म्हणाले. जावयाने एकदा हेच ते म्हटलं की मग ते तेच असतं. शिवाय तुझा आवाज मी हजारांत ओळखतो.

आत्या, त्यानंतर जे घडलं ते कसं सांगू? बाहेर टळटळीत दुपार होती, पण ओढलेल्या पडद्यांमुळे खोलीत तो निळा उजेड भरून राहिला होता. आम्ही सगळे माशांच्या पेटीच्या तळाशी बसल्यासारखे दिसत होतो. हिचे पांढरे केस निळे, जावईबापूंचा घाम निळा, भिंतीवरचं घड्याळ निळं. पडदे आत-बाहेर श्वास घेत होते. आणि त्या निळ्यातून तू बोलत होतीस. थोड्या वेळाने चित्र नाही हेच मी विसरलो. बघता बघता निळ्यात तू दिसायला लागलीस. आधी आत्ताची, मग केस काळे असतानाची, मग मी पाहिलेलीच नाही अशी कुठली तरी.

तू म्हणालीस, रात्रभर जागायचं, वाट चुकणाऱ्यांना वाटेला लावायचं, त्यांची तोंडं मात्र कधी दिसायची नाहीत. मला एक्स्चेंजमधली तुझी रात्रपाळी डोळ्यांसमोर आली. मग तू म्हणालीस, वादळ उठलं की भिंती थरथरायच्या. सरकारी बांधकाम, मी समजू शकलो. तू बकरी पाळली होतीस हे आम्हाला नवीन होतं. तू पोहायला शिकलीस, पाठीवर पडून आभाळ बघत तरंगायचीस, तेव्हा आपलं वजन, आपलं नाव, सगळं पाण्यात विरघळून जायचं, असं तू सांगितलंस तेव्हा लेकीने हळूच माझा हात धरला. आणि मग तू म्हणालीस, "आमचे हे गेले, त्यानंतर दिवा मीच लावायला लागले."

आत्या, तुझं लग्न झालेलं नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. रविवार दुपारपर्यंत. टेबलाखालून जावईबापू एवढंच म्हणाले, "हल्ली काय, कोणाचंही काहीही असतं." मी त्यांच्या पायांकडे रोखून पाहिलं.

मी काही विचारणार नाही. ते कोण होते, कुठे भेटले, आमच्या आजोबांनी विरोध केला का (केला असणार, त्यांनी गच्चीवर दोरी बांधायलासुद्धा विरोध केला होता), यातलं एक अक्षर विचारणार नाही. फक्त इतकं सांगतो, की एवढं सगळं पोटात ठेवून तू आयुष्यभर लोकांना "थांबा हं, जोडून देते" म्हणत राहिलीस, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुझ्याबद्दल आम्हाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्या निळ्यात मी अजून अधूनमधून जाऊन बसतो.

तेव्हा तू कशी दिसलीस या प्रश्नाचं उत्तर: डोळ्यांना दिसली नाहीस. पण जशी दिसलीस तशी मला कधीच दिसली नव्हतीस. मुलाखत घेणारी हसली असेल तर तिला अक्कल नाही.

वडिलांच्या पाठीमागे तूच वडीलधारी. प्रकृतीला जप.

तुझा (आणि दुसरा नसल्यामुळे लाडका) भाचा

ता. क. एक नाजूक काम आहे. जावईबापूंना एक पोस्टकार्ड टाक, की "तुमच्यामुळे सगळ्यांना माझा कार्यक्रम छान दिसला." ते अजून त्या ट्यूनर कार्डाची पाठ सोडत नाहीत. या रविवारीही येणार म्हणतात, आणि आता घरात उघडण्यासारखा फक्त फ्रिज उरला आहे.

ता. क. २. काकांचा एखादा फोटो असला तर पाठव. काका म्हटलेलं चालेल ना?

ता. क. ३. (हे मी लिहितेय, तुमची सूनबाई. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय.) आत्याबाई, नमस्कार. त्या बाई तुम्ही नव्हतात हे मला दोन वाक्यांत कळलं. तुम्ही कोणाला तरी रागावल्याशिवाय दोन वाक्यं बोलता होय? पण जावयापुढे कसं बोलायचं? त्या निळ्या अंधारात हळूच उठून वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेले आणि तुम्हाला बघितलं, पहिल्यापासून नाही, पण बरंचसं. (मग त्यांनी चॅनेल फिरवून दाखवला. यांनी ऐकल्या त्या दीपगृहावर राहणाऱ्या कोणी बाई होत्या.) आता तुम्ही विचारलंत ते खरंखरं सांगते. पावडर जास्त झाली होती. अंबाडा जागेवर होता. त्या मुलीने विचारलं, इतकी वर्षं लोकांचं बोलणं कानावर आलं, त्यातलं काय लक्षात राहिलं? तुमचा हात आपोआप कानाशी गेला, हेडफोन सारखा करायला. तेव्हा ती हसली. तिचे डोळे भरले होते, म्हणून हसली. माझेही भरले. वरच्या बाई म्हणाल्या, "चेहरा अगदी आवाजासारखाच आहे हो यांचा." तेव्हा खुशाल खिडकीत उभ्या राहा, आणि ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडे जा.

यांना मात्र एवढ्यात काही कळवू नका. काकांच्या दुःखात चार दिवस गप्प आहेत. लग्न झाल्यापासून घर इतकं शांत कधी नव्हतं.