नापूचा रस्ता

टेंभुर्णी
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८४६

प्रिय आबाराव यास बद्रीनाथचा रामराम.

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पत्र न वाचताच फेकशील, असं वाटतं. तरी लिहितो. इकडं सगळे खुशाल. शाळेत यंदा पोरं बरी आहेत. जोंधळा कमरेला लागलाय. शहागडला घाटावरच तुझं घोंगड्यांचं दुकान आहे आणि चांगलं चालतं, असं ऐकतो. बरं वाटलं.

आमची आसराबाई हसनाबादेत सासरीच आहे. तिची दुर्गी सहा वर्षांची झाली. आईसारखीच बडबडी आहे.

एक बातमी आहे. जर्मनच्या लढाईवर गेलेल्या आमच्या पाव्हण्यांची, इंद्रभानरावांची, खबर लागली म्हणतात. धर्मराज नावाचा एक माणूस आलाय. त्यांच्याच पलटणीत मोतद्दार होतो, घोड्यांची खिदमत करायचो, असं सांगतो. पाव्हणे नापू गावच्या इस्पितळात आहेत, एक पाय गेलाय, आता बायकोची आठवण काढतात, म्हणे. आसरानं त्याला ओसरीवर जागा दिली आहे. मी जाऊन आलो. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दादा, तू वाचलेलं खरं निघालं." सहा वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तो माणूस भिंतीला पाठ लावून जेवतो. शेजाऱ्याची घोडी जवळ आली तर पाय ओढून मागं सरकला.

त्याला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. विचारल्या नाहीत. तुलाच हे का लिहितोय, तेही नीट सांगता येत नाही. थंडी फार आहे, जपून रहा.

तुझा
बद्रीनाथ


टेंभुर्णी
मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, सकाळ

आबा,

आधी एवढं वाच. आसरा, दुर्गी आणि तो धर्मराज बैलगाडीनं हसनाबादेतून निघाले आहेत. तीन दिवस झाले. मला तिच्या जावेचा निरोप आज मिळाला. इंद्रभानरावांकडं नापूला नेतो, असं त्यानं सांगितलंय. बोटीवर चढायचं तर मुंबईला जावं लागतं, आणि मुंबईकडची आगगाडी जालन्यातच मिळते. हा मात्र शहागडला गोदागंगा उतरून उलट दक्षिणेकडं जाणार आहे. पोरीला बरोबर घ्यायचा हट्टही त्याचाच. त्यांना घाटावर अडव. चिठ्ठी घोड्यावरून धाडतोय.

आता बाकीचं. नापू नावाचं गाव नाही. ते मी वसवलं.

आसरा पाच दिवसांची बाळंतीण होती तेव्हा विलायती शिक्क्याचं पत्र आलं. पलटणीतल्या एका गोऱ्या नालबंदानं लिहिलेलं, तीनच ओळी. "इंदर नापू. करडी घोडी पण नापू. त्याची घोंगडी माझ्याजवळ आहे." मिशनच्या शाळेत मी शिकलो त्या इंग्रजीत हा शब्द नव्हता. आसरानं विचारलं, "नापू म्हंजे काय, दादा?" सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी म्हणालो, "गाव असंल तिकडलं."

त्या घडीला ते खोटं नव्हतं. मला येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायची लाज वाटली.

महिन्यानं जालन्याला पाद्रीसाहेबांना विचारलं. कोशात असा शब्द नाही, म्हणाले. मग त्याच पलटणीतून परतलेला रखमाजी भेटला. तो हसायलाच लागला.

"मास्तर, हे शिपायांचं इंग्रजी. फरांसात दुकानदारीण माल संपला की 'नि या प्लू' म्हणायची. गोऱ्यांच्या तोंडात त्याचं झालं नापू. आपले काहीजण म्हणायचे, छ्या, हा तर आपलाच शब्द. ना पाव. पाव न्हाई."

"पण अर्थ काय?"

"अंडी संपली, नापू. चाक मोडलं, नापू. बस झालं, नापू. एखाद्याला चालता हो म्हणायचं, तरी नापूच."

"आणि माणसाला म्हटलं तर?"

तो हसायचा थांबला. "कोन व्हतं तुमचं?" म्हणाला.

घरी येईपर्यंत मी 'चालता हो' हाच अर्थ धरून बसलो होतो. पाव्हणे पलटण सोडून निघून गेले असतील. पण ती तिसरी ओळ होती. बर्फाच्या मुलखात माणूस आपली घोंगडी दुसऱ्याजवळ टाकून कुठं जाईल?

इंद्रभानरावांची खबर नाही म्हणून त्या उन्हाळ्यात तू आसराला मागणी घालायला, पाट लावायचं विचारायला आलास. मी तुला दारातच सांगितलं, तिचा मालक जिवंत आहे. तू पाणीसुद्धा न पिता गेलास. तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, आबा. मास्तरानं पत्र चुकीचं वाचलं असं लोक म्हणतील, एवढ्यासाठी मी तुझा आणि तिचा संसार होऊ दिला नाही.

ती दर बाजाराला येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, कोणी नापूकडून आलंय का. धर्मराजानं तिथंच ऐकलं असणार. मी हसनाबादेहून निघालो तेव्हा तो विहिरीपर्यंत माझ्या मागं आला. हळूच म्हणाला, "मास्तर, गाव तुम्ही सांगितलं. मी निस्ता रस्ता दाखवून राह्यलो. मधी येऊ नका."

मी मधे आलो नाही. घरी येऊन तुला जोंधळ्याची हकिकत लिहीत बसलो.

तिला तू सांग. माझ्यानं झालं नाही.

तुझा गुन्हेगार
बद्रीनाथ


शहागड
मार्गशीर्ष वद्य तृतीया

बद्रीनाथ,

तुझी चिठ्ठी आज सकाळी पोचली. गाडी काल दुपारीच उतरली.

आसराबाई पुढं बसली होती. मी ओळखायच्या आधी तिनंच हाक मारली. "आबाराव, मालकाकडं चालले," म्हणाली. नवं लुगडं नेसली होती, चांदी सगळी अंगावर. पोर मागं झोपली होती. बराबरचा माणूस खाली मान घालून पान खात होता. दिवसभर घाटावर थांबलेली माणसं कुठून आलो, कुठं चाललो, सांगत राहतात. हा बिलकुल बोलला न्हाई. मला तवाच विचारायचं होतं. पण तिचा मालक जित्ता हाय, हे मला तूच सांगितलं होतं. मंग मी कोण विचारणारा?

पलीकडच्या चढाला चाक वाळूत रुतलं. मी पाण्यात उतरून खांदा लावला. गाडी वर काढून दिली. तिनं हात जोडले.

मी आता घोडं घेऊन निघतोय. गेवराईपर्यंत एकच रस्ता हाय. तिथून फुटतात. जवळजवळ दिवसाचं अंतर पडलंय आणि त्याला मागं कोणी येईल हे माहीत हाय. गाठ पडली तर तिला सांगीन, आणि ती माझ्या तोंडाकडं कशी बघंल तेही मीच पाहीन. न्हाई पडली तर हसनाबादेला जाऊन तिच्या सासूसमोर तू उभा रहा. तिथं दुसऱ्याला धाडू नको.

तुझ्या गुन्ह्याचं आपण नंतर बघू. तोवर मला प्रिय लिहू नको.

आबाराव