नकाब आणि अर्धी चिठ्ठी

आपा,

तुम्ही दिलेली गेज प्लेट आज दुपारी ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवली आहे. तारेची जाडी मोजायची ती गोल पोलादी चकती, कडेला लहानमोठ्या खाचा असलेली. लातूरला नोकरी लागल्यापासून ती माझ्यासोबत आहे. आमच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये आता डिजिटल मायक्रोमीटर आहे, त्यामुळे तिची तशी गरज उरलेली नाही, तरी मोटर वायंडिंग शिकायला येणाऱ्यांना मी पहिला महिना चकतीवरच तार मोजायला लावते. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नव्हतं. उद्या मला एका बैठकीत बोलायचं आहे. सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकणाऱ्या नकाबवर बंदी असावी का, हा विषय आहे. या विषयावर बोलणारे खूप लोक मी या महिन्यात ऐकले. नकाब घालणारी बाई मात्र मी जवळून एकच पाहिली आहे.

नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. पाटीवर नाव चाचांचं, बाहेर खुर्चीत चाचा, आणि जळालेल्या मोटरी मागच्या खोलीत त्यांची बायको, म्हणजे तुम्ही, नव्या तारेनं भरायचात. साखरेच्या आजारानं चाचांची नजर गेली होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि एकाही गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं. माझे बाबा लाइनमन. घरची पाण्याची मोटर द्यायला त्यांनी मला पाठवलं तेव्हा मी सातवीत होते, आणि मोटर ठेवून परत यायच्या ऐवजी तिथंच बसले. खोलीच्या एका कोपऱ्यात गॅस, त्यावर खिचडी, शेजारी चिंचेच्या आंबट खट्ट्याचं पातेलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात वार्निशचा डबा. ते दोन वास माझ्या डोक्यात अजून वेगळे झालेले नाहीत. तुम्ही हँडल फिरवता आहात, तार सरसर गुंडाळली जाते आहे, आणि तुम्ही पुटपुटत वेढे मोजता आहात. बाहेरून चाचा ओरडतात, "चाय होनेवाली है क्या आज?" तुम्ही फक्त मोजण्याचा आवाज वाढवता, "अडतीस... एकोणचाळीस..." आणि बेचाळीस झाल्यावर हँडल थांबवून म्हणता, "हुई न्हाई, होनेवाली बी न्हाई." मग माझ्याकडे बघून, "मोजताना बोलायचं न्हाई, बेटा. कोणी मेलं तरी न्हाई. आणि घामाचा हात तारेला नक्को. पूस आधी."

मी ज्याला माझा स्वभाव म्हणते त्यातला बराचसा त्या खोलीतला आहे.

दहावीनंतरच्या सुट्टीत मी जी मोटर जाळली ती तुम्हाला आठवत असेल. प्रत्येक मोटरला तुम्ही सुतळीनं पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधायचात. जुनं जळकं वायंडिंग छिन्नीनं कापायचं, तारांची टोकं मोजायची, पुन्हा मोजायची, आणि मग चिठ्ठीवर लिहायचं: खाचा किती, वेढे किती, तार कोणत्या गेजची, आणि शेवटी एकेरी की दुहेरी. दुहेरी म्हणजे दोन तारा एकत्र धरून गुंडाळायच्या. त्या मोटरची चिठ्ठी खालून फाटली होती आणि शेवटची ओळ गेली होती. तुम्ही कुणाच्या तरी मयतीला परभणीला गेला होतात. चिठ्ठीत दिसत होतं ते सगळं मी अचूक केलं, एकेरी तारेनं. वेढा एकही चुकला नाही. चाचांनी मोटर देऊनही टाकली. ती विहिरीत उतरली आणि तासाभरात जळून परत आली. तुम्ही ती उघडलीत आणि मला विचारलंत, "खाच अर्धी रिकामी ऱ्हायली, दिसलं न्हाई तुला?" मला दिसलं होतं. मी म्हणाले, "चिठ्ठीत होतं तेवढंच केलं." तुम्ही ओरडला नाहीत. छिन्नी माझ्या हातात दिलीत आणि पूर्ण वायंडिंग मला एकटीला काढायला लावलंत. माझ्या बोटांतून रक्त आलं तेव्हाही तुम्ही फक्त हळद पुढं सरकवलीत. सगळं काढून झाल्यावर म्हणालात, "चिठ्ठी फाटली की फेकायची. अर्धी चिठ्ठी वाचून मोटर भरायची न्हाई. आणि कोणी दुसरा भरत असला तर त्याला बी भरू द्यायची न्हाई."

नकाबबद्दल तुम्ही मला कधी एक उत्तर दिलं नाहीत. मी विचारायचे, कारण मला तो आवडत नव्हता. अजूनही आवडत नाही, आणि हे तुमच्यापासून लपलेलं होतं असं मला वाटत नाही. एका उन्हाळ्यात तुम्ही घरात शिरता शिरता तो काढून खाटेवर आपटलात आणि म्हणालात, "जाळून टाकावा वाटतो एखाद दिवस." दुसऱ्या वेळी म्हणालात, "तार घ्यायला जाते ना, दुकानदार तोंड बघत बसतो, तार बघत न्हाई. नकाब असला की गुमान तारेकडं बघतो." चाचांनी घालायला लावला का, असं विचारल्यावर हसून म्हणालात, "त्यांना दिसतंय कुठं, घातला का न्हाई ते?" आणि एकदा, जरा चिडून, "तुझी मुरुडची काकू सासरा आला की नाकापत्तूर पदर ओढते म्हणालीस ना? तिला विचार की आधी." मी काकूला कधीच विचारलं नाही. या सगळ्या उत्तरांतलं कोणतं खरं, ते मला ठरवता आलेलं नाही. तुम्हाला तरी ठरवायचं होतं का, कोण जाणे. मला मात्र मोजता न येणाऱ्या गोष्टींचा लवकर कंटाळा येतो.

या वर्षी माझ्या तुकडीत चाकूरहून एक मुलगी येते. एसटीनं येते, नकाब घालून. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगते तेच तिला सांगितलं: ओढणी, मफलर, सैल बाही, मोकळे केस, यातलं काहीही फिरत्या शाफ्टजवळ नको. ती कोपऱ्यात गेली, नकाब काढून पिशवीत ठेवला, केस घट्ट बांधले, वार्निशच्या वासासाठी आम्ही सगळेच लावतो तो मास्क लावला आणि विचारलं, "आता चालतंय का, मॅडम?" मी हो म्हणाले. दोन मिनिटांत विषय संपला होता. तिचा हात चांगला आहे, आपा. मोजताना बोलत नाही.

मग कुणीतरी फाटकावर तिचा व्हिडिओ काढला आणि तो फिरला. पाठोपाठ निवेदनं आली. एका गटाला शहरभर बंदी हवी होती, दुसऱ्या गटाला कुणी त्या विषयाला हातच लावायला नको होता. त्या मुलीला काय हवं आहे, हे कुठल्याच निवेदनात नव्हतं. प्राचार्यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. म्हणाले, "रोज चार फोन येतात हो मला. मॅडम, तुम्ही टेक्निकल माणूस. भावनेचं काही नको, एक ओळ द्या फक्त." मी ओळ दिली. फिरत्या यंत्राजवळ काम करताना चेहऱ्यावर व गळ्याभोवती सैल कापड असू नये. आवारात इतरत्र या कारणासाठी मनाई करण्याची गरज नाही. खाली सही केली. दोन दिवसांनी फाटकावर नोटीस लागली, तांत्रिक अभिप्रायानुसार संस्थेच्या आवारात चेहऱ्यावर कापड असू नये. माझं पुढचं अर्धं वाक्य त्यात नव्हतं. सुरुवातीचं यंत्रही नव्हतं.

मी नोटीस वाचली आणि वर्कशॉपमध्ये जाऊन हजेरी घेतली.

दुसऱ्या सकाळी ती बाहेर उभी होती. तिच्या शेजारून तीन मुली स्कूटीवर आत गेल्या. आमच्याकडे उन्हात सगळ्याच बांधतात तसा डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला. त्यांनी तो आत स्टँडवर जाऊन सोडला. वॉचमन मला म्हणाला, "माझ्यावर चिडू नका बाई, बोर्डावर लिवलंय." ती म्हणाली, "मॅडम, तुमच्याच सहीचं हाय म्हणं ते." मी तिला सांगितलं, की वर्कशॉपमध्ये तू काढतेसच, इथंच काढून आत ये, वर्ष वाया घालवू नकोस.

"तिथं मी काढते, मॅडम. हितं ह्यो काढायला लावून राहिलाय."

मग मी तोच प्रश्न विचारला जो सगळे विचारतात. "हे तुझं तू ठरवलंस, की घरच्यांनी?"

"माझं असू द्या न्हाईतर अब्बांचं असू द्या. गेटच्या भाईर तर मीच हाय ना?"

तिनं चाकूरची गाडी पकडली. त्याला आज अकरा दिवस झाले. आणखी पाच दिवस गेले की हजेरी कमी पडेल आणि तिला प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही. अब्बांनी शिकायला हो म्हणताना नकाबची अट घातली होती का, मला माहीत नाही. घातली असेलही. तसं असेल तर ही नोटीस त्यांना काहीच करत नाही, ते घरीच आहेत. नोटिशीनं घरात बसवलं ते तिला. चेहरा उघडा असावा असं मलाही वाटतं, पण या अकरा दिवसांत एकही चेहरा उघडा झालेला नाही. एक मोटर अर्धवट भरून बाकावर पडली आहे, तिला तिच्याच अक्षरातली चिठ्ठी बांधलेली आहे.

काल प्राचार्य म्हणाले, "परवा शहरभर बंदीच्या मागणीवर बैठक आहे, तुम्ही सोबत चला. एक तर बाई, त्यात इंजिनिअर. तुम्ही बोललात की आम्ही कुणाच्या विरोधात आहोत असं कुणी म्हणणार नाही."

"सर, माझं वाक्य पूर्ण छापलं नव्हतं."

"अहो, नोटीस आहे ती, प्रबंध थोडाच आहे? लांबलं की कोण वाचतं?"

"आणि स्कार्फ बांधून आत येणाऱ्या मुली?"

"त्या उन्हासाठी बांधतात."

"चाकूरच्या गाडीवरही तेच ऊन पडतं, सर."

ते हसले. "तुम्ही फार काटेकोर आहात बुवा." मग चष्मा काढून डोळे चोळत, खरंच विचारावं तसं, म्हणाले, "पण मला एक सांगा मॅडम, चेहराच दिसला नाही तर माणूस ओळखायचा कसा?"

मी म्हणाले, बघते. आणि बाहेर आले.

अकरा दिवस मी गप्प बसले, कारण माझं वाक्य बरोबर होतं. वेढा एकही चुकलेला नव्हता. आज दुपारी ते पूर्ण वाक्य पुन्हा टाइप करून, सही करून, त्याच्या सहा प्रती काढल्या आहेत. एक प्रत सकाळी मी स्वतः नोटिशीशेजारी लावणार आहे, एक तिच्यासाठी चाकूरच्या गाडीतल्या कंडक्टरकडे देणार आहे, बाकीच्या बैठकीत वाटणार आहे. शहरभर बंदीसाठी माझी सही वापरायची असेल तर सगळं वाक्य घ्यावं लागेल, आणि सगळं वाक्य त्यांच्या कामाचं नाही. त्यानं ती परत येईल असं मी म्हणत नाही. पण सर तो ओळखण्याचा प्रश्न तिथं पुन्हा विचारतील, सगळे माना हलवतील, आणि त्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर मला चारचौघांत देता येईल की नाही, शंका आहे. इथं लिहिता येतं आहे कारण हा कागद कुठंच जायचा नाही. चकतीखाली ड्रॉवरमध्ये राहील.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला मी कॉलेजच्या फाटकासमोर तिघी मैत्रिणींबरोबर उभी होते. रस्त्याच्या पलीकडं तुम्ही आलात आणि हात वर केलात. हातात जुन्या ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मैत्रीण म्हणाली, "ती बुरखेवाली तुला हात करायली का गं?" मी म्हणाले, "छे, मला काय माहीत," आणि समोर आलेल्या ऑटोत बसले. संध्याकाळी तुम्ही घरी येऊन ही चकती माझ्या हातात ठेवलीत. "दुपारी आले होते बेटा, दिसले न्हाई का?" मी म्हणाले, "नकाब होता ना आपा, ओळखूच आलं नाही." तुम्ही ओढणीची घडी घातलीत आणि म्हणालात, "हाव, ते बी खरं हाय."

त्यानंतर बाहेर कुठंही मी दिसले, भाजीबाजारात, स्टँडवर, एकदा तर चाचांचा हात धरून दवाखान्यात जाताना, की तुम्ही लांबूनच थांबायचात, भर रस्त्यात नकाब कपाळावर उचलायचात, मला चेहरा दिसला याची खात्री करायचात आणि पुन्हा खाली सोडायचात. तुम्ही अंथरुणाला खिळेपर्यंत, दोन वर्षं. मी एकदाही म्हणाले नाही की राहू द्या.

तारेनं कापल्यापासून आखडलेला डावा अंगठा, वर्षानुवर्षं मांडी घालून हँडल फिरवल्यामुळे उजवीकडे झुकलेली चाल, आणि कोणतीही वस्तू घामाचा हात लागू नये म्हणून कापडात धरायची सवय.

मी ओळखलं होतं, आपा. पहिल्याच दिवशी, रस्त्याच्या पलीकडूनच.