सोयरिकीच्या बोलण्यात गेलेलं वायफाय

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
महाळुंगे पडवळ, मंगळवार

ती. हौशीरामभाऊ यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या मालकाचा, भिमाजीचा, हात जोडून नमस्कार. शिनोलीला सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. वहिनींच्या गुडघ्याला त्या तेलाने आराम पडला का, ते कळवा. कुशाबाई बरी आहे, फक्त गेले आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं गोठ्यापर्यंत ऐकू जातं. म्हणून दुधाच्या टेम्पोवाल्याकडे हा कागद देतोय.

तुम्ही आमच्या पोरासाठी, समर्थसाठी आणलेलं रोहिणीचं स्थळ आमच्या वायफायपाशी अडलंय. मुलीच्या वडिलांनी, गोकुळरावांनी तुम्हाला आपल्या बाजूने सांगितलंच असेल, आता माझं ऐका. मुलगी बंगळूरला, बाप भोसरीत, म्हणून आधी कॉम्प्युटरवर बघू असं ठरलं. (फोनवर एकाचंच तोंड मावतं, आणि कुशाबाईला नवी साडी दाखवायची होती.) आता समर्थच्या कॉम्प्युटरात विंडोजऐवजी लिनक्स आहे. ते फुकट मिळतं, व्हायरस येत नाही, असे त्याचे लई गुण तो सांगतो. पण पाच मिनिटं बोललं की वायफाय गायब. खूण दिसते, पट्ट्या भरलेल्या दिसतात, आत मात्र काही नाही. तेच वायफाय माझ्या फोनला दिवसभर चालतं, म्हणजे खोट राऊटरची नव्हे. तरी आम्ही राऊटर खिडकीतून फळीवर नेला, फळीवरून धान्याच्या कोठीवर नेला. कुशाबाईने त्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल टाकला, मी तो काढला, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. मंचरच्या दुकानदाराने लिनक्स म्हटल्यावर कॉम्प्युटर उघडलासुद्धा नाही.

शेवटी समर्थने काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टंकून सगळा आजार इंटरनेटवर मांडला. जर्मनीतल्या कुणा भल्या माणसाने (ना ओळख ना पाळख) उत्तर दिलं, की वायफायचं कार्ड वीज वाचवायला मधूनच झोपतंय, त्याची ती सवय बंद करा. आमच्या घरात विजेची काटकसर करणारं एवढं एकच निघालं राव, आणि तोच आजार ठरला. समर्थने सवय मोडली. चार दिवस वायफाय ठणठणीत.

परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं ओळीत बसलो, मी कडेला. पोरगी हसतमुख आहे, कुशाबाईला साडीचा काठसुद्धा विचारला तिने. माझा जीव तिथेच भांड्यात पडला होता. मग गोकुळराव समर्थला म्हणाले, "लग्नानंतर पुण्यात ऱ्हायची तयारी हाय का? आई-वडील गावाकडंच ऱ्हातील ना?" समर्थने माझ्याकडे बघितलं, घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि वायफाय गेलं. परत आलं तोवर तिकडची माणसं उठून गेली होती. त्यांना वाटतं, आम्ही घमेंडीने फोन ठेवला. तरी तुम्ही त्यांना समजावून सांगा, की हा लिनक्सचा दोष आहे, माणसांचा नाही. पोरगं तिशी ओलांडतंय, हे स्थळ हातचं जाऊ नये.

आपला,
भिमाजी

ता. क. सोबत पाठवलेल्या डाळिंबांची पिशवी रिकामी करून टेम्पोवाल्याकडेच परत द्या, कुशाबाईची आहे.

ता. क. २. समर्थ आठ दिवस त्या काळ्या पडद्यापुढे बसून दोष शोधतोय. काल जर्मनीवाल्याने विचारलं, राऊटरचा करंट गेला होता का? समर्थ म्हणाला, पंखा तर चालू व्हता. मला काल जेवण गेलं नाही.

ता. क. ३. भाऊ, राऊटरचं बटण माझ्या पाठीमागे होतं. बंद केलं आणि लगेच चालू केलं. समर्थचं उत्तर कानांनी ऐकायची माझी छाती झाली नाही. पोरगं मामाशी खरं बोलतं. तो काय म्हणणार होता, एवढं विचारून कागदावर लिहून पाठवा. पुण्याला जातो म्हणणार असेल तरी लिहा. मग गोकुळरावांना मी स्वतः फोन करीन, आणि बटण कुणी दाबलं तेही सांगेन.