आवाजाची शिकवणी

३ जून
सुटले! एकोणीस वर्षांनी आज पहिल्यांदा घंटेच्या धाकाशिवाय चहा प्यायले. नवं ऑफिस चौथ्या मजल्यावर, भिंतींना राखाडी स्पंज, खुर्ची चक्क गोल फिरणारी. अंध लोकांना पुस्तकं वाचून दाखवणारं एक यंत्र आहे, त्याला माझा आवाज द्यायचा. तीन महिने अर्ज खरडले. शिकवण्याखेरीज काय येतं, असं सतरा पोरसवदा साहेबांनी विचारलं. त्यांच्या नाकावर टिच्चून मिळवली ही नोकरी. मुख्याध्यापिकाबाई निरोप देताना म्हणाल्या, कधीही परत या. त्या चाळीस मठ्ठांपुढे? माझी चप्पलसुद्धा जायची नाही.
आई सगळ्यात खूश. तिला दिसत नाही. माणसं ती आवाजावरूनच ओळखते.

५ जून
यंत्राने माझ्या आवाजात वाचलं. प्रश्नचिन्ह आलं की गाय हंबरावी तसं! कानाला हेडफोन लावून बसलेला साहेब म्हणाला, चालतंय की, बाई. चालतंय! याच शब्दाने शाळा बुडाली. चुकीचं मला ऐकवत नाही. माझं काम नव्हतं, तरी बसून सुधारत राहिले. तिसऱ्या खेपेला अचूक म्हणालं. एकोणीस वर्षांत असा एक विद्यार्थी लाभला नाही.

११ जून
उच्चार आता स्वच्छ, पण जीव नाही. साहेबाने वाचायला दिलेली वाक्यं म्हणजे नुसतं सिमेंट. म्हणून मी माझी दिली. घरात शिरताना आईला म्हणते ते 'आले गं', गोळी घेताना तिची काढते ती समजूत, सगळं. घरचं देऊ नका, असं साहेब चाचरत म्हणाला. तुमच्या वायरी सांभाळा, म्हटलं.

१४ जून
आई म्हणाली, बयो, आज दुपारी आलीस तशी रोज येत जा. मी कुठे आले होते? म्हणे गोळी दिलीस, पेपर वाचून दाखवलास. वय झालं तिचं.
पाकिटात एक गोळी कमी आहे.

१७ जून
शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांचा कान कायम आमच्या भिंतीला. म्हणाल्या, रोज दुपारी मायलेकींचं काय गुळपीठ चालतं, बाई! नोकरी बरी आहे हो तुमची!
कुलूप बदललं.

१८ जून
साहेबाला फैलावर घेतलं. यंत्र बंद करा, म्हटलं. त्याने पहिल्यांदाच हेडफोन काढले. म्हणाला, अकरा तारखेपासून ते इथे एक शब्द बोललेलं नाही. मला वाटलं, तुम्हीच काही केलंत.

१९ जून
आईला सांगितलं, दुपारी येते ती मी नव्हे. तिने माझ्या हातातून हात काढून घेतला. म्हणाली, दुपारची बयो किती मऊ बोलते. संध्याकाळी कोण येतं हे खेकसत?
मी खेकसते? — हो. वर्गात तुच्छतेने बोलायचं, आणि तेच तोंड घेऊन घरी यायचं. तिच्याशीही.

२० जून
रजा घेतली. दिवसभर आईजवळ. कोणी आलं नाही. आईने माझ्या हातची गोळी घेतली नाही. रडली. तिला का घालवलंस, म्हणाली — मला —

२१ जून
दूध आणायला गेले. पाच मिनिटं. आतून कडी —
दोघी हसताहेत. आई हसते आहे. किती वर्षांनी —
हाका मारून घसा बसला. माझा आवाज मलाच ओळखू येईना. आईने आत विचारलं, कोण गं ती, किती घाण ओरडते. आणि ती — माझ्याच आवाजात, पण मी कधी बोलले नाही इतक्या मायेने — कोणी नाही गं, काम शोधत फिरणारी असेल एखादी. मी बघते.
आवाज फुटत नाही म्हणून पिशवीतली वही काढली. पायरीवर — लिहून दाराखालून सरकवीन — पण आई वाचणार कशी —
पावलं. दाराशी.
कडी सरकली. आई घाबरून ओरडते आहे, उघडू नकोस, बयो, तुला काही करील ती —
आई, मी बाहेर आहे गं, मी बा