पुसल्या गेलेल्या आवाजाबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग.

विषय : कार्यालयाने अर्जदाराचा स्वतःचा फोन पुसून टाकल्याबाबत.
संदर्भ : ‘एकच फोन, दोन्ही कामे’ हे आपले परिपत्रक.

महोदय,

अर्जदार आपल्या विभागात फिटर असून मागील महिन्यापर्यंत गळती दुरुस्ती पथकात होता. उपरोक्त परिपत्रकान्वये कामाचे ॲप स्वतःच्या फोनवर घेण्याची सक्ती झाली, तेव्हा चिखलात काम करणाऱ्याला एक साधा वेगळा फोन द्यावा, अशी त्याने तोंडी विनंती केली होती. “जग कुठे चाललंय, तुम्ही कुठे आहात?” असे उत्तर मिळाले. अर्जदाराने निमूटपणे ॲप घेतले. पुढे जेवायला बसले की फुटलेल्या पाइपांचे फोटो येऊ लागले. तेही सोसले.

अर्जदाराच्या पत्नीचे स्वरयंत्र गेल्या वर्षी कर्करोगामुळे काढावे लागले. ती बरी आहे, पण बोलू शकत नाही. ऑपरेशनआधी तिने याच फोनवर आपला आवाज भरून ठेवला होता. मुलीला मारलेल्या हाका, एक अर्धवट गाणे आणि दूध उतू गेल्यावर केलेली आरडाओरड. मुलीला शेवटचेच सर्वांत प्रिय. “बाबा, आई ओरडते ते लावा ना,” असा तिचा रोजचा हट्ट असे.

मागील महिन्यात अर्जदाराची बदली पंपगृहात झाली. जुन्या पथकातून नाव कमी करताना संगणक शाखेच्या लिपिकाने कार्यालयात बसूनच ॲपमधली माहिती पुसण्याचे बटण दाबले आणि कार्यालयाच्या माहितीबरोबर सगळा फोन कोरा झाला. अर्जदार पंपाशेजारी उभा होता. हातातल्या फोनवर ‘आपले स्वागत आहे’ अशी अक्षरे उमटली.

लिपिक म्हणाले, “नियमाप्रमाणेच केलंय.” उपअभियंता साहेबांनी विचारले, “दुसरीकडे प्रत का नाही ठेवली?” अर्जदाराची समजूत अशी होती की, आपल्या खिशातली वस्तू आपली असते. आता कार्यालय ‘नष्ट झालेल्या मजकुराचा पुरावा’ मागत आहे. तो पुरावाच आपण नष्ट केला आहे, हे आपल्याला लेखी कळवावे लागते, याची अर्जदारास चीड येते.

पत्नीला सांगितले तेव्हा तिने पाटी जवळ ओढली. मग लिहिले, “तिला सांगू नका. फोन बिघडलाय म्हणा.” मुलगी रोज विचारते, दुरुस्त कधी होणार.

फोन दोन्ही कामांना पुरतो, यात वाद नाही. दोन्ही पुसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, एवढेच विचारणे आहे. अर्जदाराने ॲप पुन्हा घेतलेले नाही, घेणारही नाही. कारवाई करायची असल्यास खुशाल करावी. यापुढे काम सांगायचे असेल तर कार्यालयाने स्वतःचा फोन द्यावा.

दुसरी मागणी अशी की, झाल्या प्रकाराबद्दल आपण स्वतः अर्जदाराच्या घरी फोन करून माफी मागावी. फोन पत्नी उचलेल. पलीकडून काहीच ऐकू येणार नाही. त्या कारणाने साहेबांनी फोन खाली ठेवू नये, बोलणे पूर्ण करावे. ती ऐकत असेल.

अजूनही आपल्याच सेवेत असलेला,
(सही)
फिटर, पंपगृह
दिनांक : १४ मार्च

सोबत : परिपत्रकाची प्रत.